नेटवर्क स्टोरेजचा पाथ तुटला की सर्व्हर किती वेळ अडकतो? पाथ फेलओव्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि पलूस-कडेगाव भागात साखर कारखान्यांचे, पतसंस्थांचे, रुग्णालयांचे सर्व्हर सांभाळणारे बरेच जण मला हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते: एक-दोन लिनक्स सर्व्हर, दोन कंट्रोलरची एक स्टोरेज पेटी, मध्ये दोन स्विच आणि आयस्कझी, म्हणजे साध्या नेटवर्कवरून स्टोरेजची डिस्क वापरण्याची पद्धत. पाथ म्हणजे सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतचा रस्ता, आणि फेलओव्हर म्हणजे एक पाथ गेला की काम दुसऱ्यावर नेणं. म्हणून उत्तरं त्या मांडणीला धरून लिहिली आहेत. फायबर चॅनल आणि एनव्हीएमई (स्टोरेज जोडण्याच्या दुसऱ्या पद्धती), तसंच विंडोजबद्दल गरजेपुरतं पुढे येईल. आकडे मूळ सेटिंगचे आहेत. तुमच्या स्टोरेजच्या कंपनीने तिच्या पेटीसाठी वेगळे आकडे सांगितले असतील तर आधी ते पाहा.

दोन केबल, दोन स्विच, दोन कंट्रोलर आहेत. तरी एक स्विच गेल्यावर सर्व्हर दोन मिनिटं का अडकला?

दुसरा रस्ता मोकळाच होता. पहिला रस्ता बंद झालाय हे ठरवण्यात ती दोन मिनिटं गेली.

एका कारखान्यात हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. गळीत हंगाम ऐन भरात होता, रात्रीचे साडेदहा वाजले होते, वजनकाट्यापासून फाटकाबाहेरपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग होती. स्टोरेजकडे जाणाऱ्या दोन स्विचपैकी एकाचा पॉवर सप्लाय गेला. काट्यावरचे अण्णा फोनवर म्हणाले, "साहेब, काटा जाम झालाय, पावती निघंना." मी सर्व्हर रूममध्ये पोचेपर्यंत पावत्या पुन्हा निघायला लागल्या होत्या. पण तोवर दोन ट्रॉल्यांचं वजन दोनदा नोंदलं गेलं होतं, कारण अडकलेल्या स्क्रीनवर कुणीतरी बटण पुन्हा दाबलं होतं. ते निस्तरायला दुसरा दिवस गेला.

लॉगमध्ये गोष्ट सरळ दिसत होती. सर्व्हरवरचा आयस्कझी ड्रायव्हर पलीकडून काही येईनासं झालं की ५ सेकंदांनी "आहेस का?" असा एक छोटा निरोप पाठवतो. त्याला नूप म्हणतात. उत्तरासाठी तो आणखी ५ सेकंद थांबतो. उत्तर आलं नाही की कनेक्शन तुटलं असं धरतो. पण इथे तो आयओ, म्हणजे डिस्कवर वाचण्या-लिहिण्याच्या मागण्या, सोडून देत नाही. कनेक्शन पुन्हा जुळेल या आशेने सगळ्या मागण्या हातात धरून बसतो, आणि ही मुदत मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंदांची आहे. ती संपल्यावरच तो मल्टिपाथला, म्हणजे अनेक रस्ते सांभाळणाऱ्या लिनक्सच्या वरच्या थराला, सांगतो की या रस्त्याने जमत नाही. मल्टिपाथने त्याच मागण्या दुसऱ्या रस्त्याने पाठवायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ घेतला नाही.

५ अधिक ५ अधिक १२०. म्हणजे १३० सेकंदांपर्यंतचा वेळ, आणि त्यात प्रत्यक्ष रस्ता बदलण्याचा वाटा जवळजवळ शून्य. फेलओव्हर वेगवान करायचा म्हणजे ही वाट पाहणं कमी करायचं. दुसरं काही नाही.

१२० सेकंद इतकी मोठी मुदत ठेवलीच कशाला?

ज्याच्याकडे एकच रस्ता आहे त्याच्यासाठी. एकच केबल असेल तर घाईने चूक कळवून काय साधणार? फाइल सिस्टिम बंद पडेल एवढंच. अशा सर्व्हरने वाट पाहणंच बरोबर. सर्व्हरची मूळ डिस्कच आयस्कझीवर असेल आणि मल्टिपाथ नसेल, तर हा आकडा उलट ८६,४०० सेकंदांपर्यंत, म्हणजे पूर्ण दिवसापर्यंत वाढवून ठेवतात. मल्टिपाथ बसवला की हिशोब उलटा होतो: खालच्या थराने लवकर हार मानावी, वरच्या थराने धीर धरावा. गडबड होते ती मल्टिपाथ बसवूनही खालचा थर एकट्या केबलच्या काळातल्याच सवयीने वागत राहतो म्हणून.

मग नेमकं काय बदलायचं, आणि बदललं तरी फरक का पडत नाही?

बदलायचं ते ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’. चालू सेशनमध्ये (सर्व्हर आणि स्टोरेजमधल्या जोडणीत) हीच मुदत ‘रिकव्हरी टीएमओ’ या नावाने दिसते. दोन स्वतंत्र रस्ते असतील तर मी ती ५ ते १५ सेकंदांच्या मधे ठेवतो. नूपचे ५ आणि ५ सहसा तसेच राहू देतो. एकूण १५ ते २५ सेकंद होतात आणि बहुतेक कामांना ते पुरतं.

फरक न पडण्याची कारणं मला तीन दिसली आहेत, आणि तिन्ही वारंवार.

पहिलं म्हणजे आयस्कझीच्या मुख्य कॉन्फिग फाइलमधला आकडा फक्त पुढे नव्याने शोधल्या जाणाऱ्या टार्गेटना (स्टोरेजच्या बाजूच्या टोकांना) लागू होतो. जी टार्गेट आधीच नोंदली गेली आहेत त्यांच्या स्वतःच्या नोंदी डिस्कवर वेगळ्या असतात आणि त्यात जुना १२० तसाच बसलेला असतो. त्या नोंदी आयस्कझी-अ‍ॅडम या कमांडने अपडेट कराव्या लागतात. फाइल बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि काम झालं असं समजणारे मी कितीतरी पाहिलेत.

दुसरं, नोंद बदलली तरी चालू सेशन जुन्याच आकड्यावर चालतं. नूपचे आकडे बदलायचे तर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. एका वेळी एकच पाथ लॉगआउट करा, दुसऱ्यावर काम चालू आहे याची खात्री करून. रिकव्हरी टीएमओ मात्र सिसएफएसमधून, म्हणजे कर्नलची चालू सेटिंग दाखवणाऱ्या फोल्डरांमधून, चालू सेशनवरही बदलता येतो.

तिसरं कारण सर्वांत फसवं. बऱ्याच वर्षांपासून मल्टिपाथ-डी (मल्टिपाथ चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःच आयस्कझी सेशनची ही मुदत बदलतो. त्याच्या कॉन्फिगमधलं ‘फास्ट आयओ फेल टीएमओ’ नावाचं कलम मूळचं ५ सेकंदांचं आहे, आणि ते आयस्कझीच्या नोंदीवर मात करतं. म्हणजे तुम्ही एका फाइलमध्ये १५ लिहाल आणि प्रत्यक्षात ५ चालू असेल. किंवा कुणीतरी मल्टिपाथच्या फाइलमध्ये भलतंच लिहून ठेवलेलं असेल आणि तुम्ही आयस्कझीच्या फाइलमध्ये डोकं फोडत बसाल. म्हणून फाइलवर विश्वास ठेवू नका. सिसएफएसमध्ये आयस्कझी सेशनच्या फोल्डरमध्ये जाऊन प्रत्येक सेशनचा चालू आकडा वाचा. खरा तोच.

मग सरळ १ सेकंद का ठेवू नये?

सांगलीकराला हे आयर्विन पुलावरून समजावता येतं. कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ४० ला लोक सामान बांधायला घेतात, जनावरं हलवायची तयारी करतात. ४५ ला घर सोडतात. पाणी फूटभर चढलं की रोजच घर सोडायचं ठरवलं तर माणूस पावसाळाभर रस्त्यावरच राहील. आणि इशाऱ्याकडे कुणी पाहिलंच नाही तर काय होतं ते २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी दाखवलं आहे.

नूप ही इशारा पातळी, रिकव्हरी टीएमओ ही धोका पातळी. स्टोरेजचा कंट्रोलर कधी कधी दोन-तीन सेकंद गप्प बसतो. कॅशमधला डेटा डिस्कवर उतरवत असतो, फर्मवेअर काहीतरी आवरत असतो, जोडीदार कंट्रोलरचं काम अंगावर घेत असतो. अशा वेळी १ सेकंदाची मुदत असेल तर धडधाकट पाथ मेला असं जाहीर होतं. सगळा भार दुसऱ्या पाथवर जातो, तोही त्या भाराने क्षणभर गप्प बसतो, मग तोही मेला. दोन निरोगी पाथ आणि सर्व्हरकडे एकही पाथ नाही! हा प्रकार अडकण्यापेक्षा वाईट, कारण लॉगमध्ये स्टोरेज दोषी दिसतं आणि दोष असतो आपल्या घाईचा.

आपल्या पेटीचा सर्वांत लांब, पण निरोगी असतानाचा, विराम किती आहे ते आधी मोजा. मुदत त्याच्या वर ठेवा.

कंपनीच्या इंजिनिअरने कंट्रोलर रीबूट करून दाखवला तेव्हा कुणाला कळलंही नाही. खऱ्या बिघाडात इतका वेळ का?

रीबूट हे सांगून जाणं आहे. कंट्रोलर शिस्तीत बंद होताना टीसीपी कनेक्शन स्वतः बंद करतो, सर्व्हरला लगेच कळतं. खरा बिघाड न सांगता येतो. मधल्या स्विचची वीज गेली तर सर्व्हरच्या टीसीपीला कुणीच काही सांगत नाही. तो पुन्हा पुन्हा पाकिटं पाठवत राहतो आणि दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत नेतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये टीसीपी असे १५ प्रयत्न करतो, आणि त्याने स्वतःहून हार मानायला साधारण ९२४ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांच्या वर लागतात. नूप आहे म्हणून आपण त्यातून वाचतो. कुणी लॉगमधली कटकट नको म्हणून नूप बंद करून ठेवला असेल तर आज चालू करा.

नेटवर्क कार्डाची केबल उपटली तरी लिंक गेल्याची बातमी आयस्कझी सेशनपर्यंत आपोआप पोचत नाही. केबल गेली तरी टीसीपी कनेक्शन कागदोपत्री जिवंतच असतं. फायबर चॅनलमध्ये असं नसतं, त्याबद्दल खाली.

तेव्हा डेमो मागताना रीबूट मागू नका. वीज तोडायला सांगा.

नूपला उत्तर येतंय, कनेक्शन जिवंत आहे, पण एक डिस्क उत्तरच देत नाही. तेव्हा?

ही अवस्था सर्वांत त्रासाची, आणि बहुतेकांनी हिच्यासाठी काहीच केलेलं नसतं.

इथे नूपचा उपयोग नाही, कारण दार उघडणारा माणूस जागेवर आहे, आतला कारकून गायब आहे. आता लिनक्सचा स्कझी थर, म्हणजे डिस्कला मागण्या पाठवणारा भाग, कामाला लागतो. प्रत्येक मागणीची मुदत मूळची ३० सेकंद. ती संपली की ड्रायव्हर ती मागणी रद्द करायला सांगतो. आयस्कझीत त्या रद्दीकरणासाठी १५ सेकंद ठेवलेले आहेत. त्यालाही उत्तर नाही तर त्या डिस्कपुरता रीसेट, ३० सेकंद. तोही फसला तर पूर्ण टार्गेटचा रीसेट, आणखी ३० सेकंद. बेरीज १०५. मग कुठे सेशन मोडून नव्याने जोडण्याची पाळी येते आणि त्याची मुदत वेगळी. शिवाय ही दुरुस्ती चालू असताना त्याच होस्टवरच्या (लिनक्सच्या भाषेत होस्ट म्हणजे स्टोरेजची एक जोडणी) बाकीच्या मागण्याही थांबून राहतात.

कमी कसं करायचं? मागणीची ३० सेकंदांची मुदत कमी करता येते, पण तिथे मी जपून पाऊल टाकतो. फिरत्या डिस्कच्या पेटीवर बॅकअप चालू असताना १०-१५ सेकंदांचा विलंब अशक्य नाही. त्याऐवजी रद्दीकरण आणि रीसेट यांच्या मुदती कमी करणं सुरक्षित. ज्याने ३० सेकंदांत एक साधी मागणी पुरी केली नाही तो रीसेटला उत्तर द्यायला आणखी ३० सेकंद घेईल, असं मानायला काही आधार नाही. लिनक्समध्ये प्रत्येक होस्टला ‘ईएच डेडलाइन’ नावाचं एक सेटिंगही आहे, मूळचं बंद. त्यात सेकंद लिहिले की दुरुस्तीच्या पायऱ्या तेवढ्याच वेळात उरकायच्या, नाहीतर थेट शेवटच्या पायरीवर, होस्ट रीसेटवर जायचं. एकाच होस्टवर बऱ्याच डिस्क असतील तर शेवटची पायरी सगळ्यांनाच हलवते, हे लक्षात घेऊन वापरा.

दोन पाथ दिसतात, पण एक केबल काढली की दोन्ही जातात. असं कसं?

कारण पाथ दोन दिसत होते, रस्ता एकच होता.

जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच निघतं: सर्व्हरची दोन्ही नेटवर्क कार्डं एकाच सबनेटमध्ये असतात. लिनक्सच्या राउटिंग टेबलला त्या सबनेटकडे जायला एकच कार्ड पुरतं, म्हणून दोन्ही सेशनची पाकिटं त्याच कार्डातून बाहेर पडतात. दुसऱ्या कार्डाचा दिवा लुकलुकत असतो म्हणून आपण निश्चिंत. उपाय सोपा आहे: दोन वेगळे सबनेट, एक-एक कार्ड एकेका सबनेटमध्ये, आणि स्टोरेजचे पोर्टही तसेच वाटलेले. काही पेट्यांना एकच सबनेट लागतं. तिथे आयस्कझीचं प्रत्येक सेशन ठरावीक कार्डाला बांधून घ्यावं लागतं आणि एआरपी व रिव्हर्स पाथ फिल्टरची (पाकीट कोणत्या कार्डाने यावं-जावं ते ठरवणारी) सेटिंगही तपासावी लागते.

मग वीज पाहा. एका पतसंस्थेत दोन स्विच होते, दोन वेगळ्या रॅकमध्ये होते आणि दोन्हींची पिन एकाच यूपीएसच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डात होती. वळवाच्या पावसात वीज कडाडली, बोर्डाचा फ्यूज गेला, आणि टाइमआउटच्या आकड्यांवर आम्ही घेतलेली आठवडाभराची मेहनत तिथेच संपली. तेव्हापासून मी सेटिंगला हात लावण्याआधी वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत जातो.

दोन कार्डांचं बाँडिंग केलं तर मल्टिपाथ नको ना?

आयस्कझीसाठी मी बाँडिंग, म्हणजे दोन कार्डं मिळून एक करणं, टाळतो. बाँडिंगच्या दोन्ही बाजूंत निरोप नेणाऱ्या एलएसीपीच्या संथ पद्धतीत निरोप ३० सेकंदांनी जातात आणि जोडीदार गेल्याचं कळायला ९० सेकंद लागतात. जलद पद्धतीत १ आणि ३. केबलच तुटली तर बाँडिंग लगेच सावरतं, पण स्विचचा मेंदू अडकला आणि दिवे चालू राहिले की हे ९० सेकंद भोगावे लागतात. दोन वेगळे रस्ते आणि वर मल्टिपाथ, हे समजायलाही सोपं. बाँडिंग आधीच आहे आणि काढता येत नाही, तर निदान दोन्ही बाजूंना जलद पद्धत लावा.

स्विचवर काही बदलायला हवं का?

हो. सर्व्हर आणि स्टोरेज जोडलेल्या पोर्टवर जुना स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये गोल फेरा होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर लिंक आल्यावरही तो पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा त्या अर्थाचं सेटिंग लावा. पाथ परत येण्याचा वेळ त्याने कमी होतो.

आणि स्टोरेजचे दोन स्विच एकमेकांना केबलने जोडू नका, तशी गरज पेटीने सांगितली नसेल तर. जोडले की एका स्विचवरचा गोंधळ दुसऱ्यावर पोचतो आणि स्पॅनिंग ट्रीची फेरमांडणी होताना दोन्ही पाथ एकदम अडकू शकतात.

मल्टिपाथचा पोलिंग इंटरव्हल कमी केला तर फेलओव्हर लवकर होतो का?

सहसा नाही. चालू आयओ फसला की मल्टिपाथ त्याच क्षणी पाथ बदलतो, पुढच्या तपासणीची वाट पाहत नाही. पोलिंगची ती ५ सेकंदांची तपासणी मुख्यतः मेलेला पाथ परत आला का हे पाहण्यासाठी असते.

दोन्ही पाथ एकदम गेले तर काय व्हावं?

हे ‘नो पाथ रिट्राय’ या सेटिंगवर ठरतं. घाईत सर्वाधिक नुकसान करणारी जागा हीच.

‘फेल’ ठेवलं तर दुसरा पाथ गेला त्या क्षणी अ‍ॅप्लिकेशनला चूक मिळते. एक्सटी४ चं जर्नल (बदलांची नोंदवही) थांबतं आणि फाइल सिस्टिम बहुधा फक्त वाचण्यापुरती उरते. एक्सएफएस स्वतःला बंद करून घेते. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ११.२ आवृत्तीपासून एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का उतरवण्याची मागणी) फसला की मुद्दाम कोसळतो आणि जर्नलवरून पुन्हा उभा राहतो. त्यात त्याचं बरोबर आहे. डेटा डिस्कवर पोचला की नाही हे माहीत नसताना पुढे जाणं जास्त वाईट.

‘क्यू’ ठेवलं तर मागण्या कायम थांबून राहतात. प्रोसेस अशा अडकतात की किल करूनही जात नाहीत, कर्नल १२० सेकंदांनी अडकलेल्या प्रोसेसची नावं लॉगमध्ये लिहायला लागतो, आणि सर्व्हर बंद करायला गेलात तर तोही बंद होत नाही. शेवटी बटण दाबून धरायचं.

मी आकडा लिहितो. १२ लिहिलं आणि तपासणी ५ सेकंदांची असेल तर साधारण ६० सेकंद मल्टिपाथ धीर धरेल. स्टोरेजच्या एका कंट्रोलरने दुसऱ्याचं काम अंगावर घ्यायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट, असा माझा अंदाज असतो. त्या मधल्या काळात दोन्ही पाथ थोडा वेळ ‘बदल चालू आहे’ असं सांगतात. तेवढ्यात हार मानली तर निरोगी पेटीवर फाइल सिस्टिम पडते. क्लस्टर असेल तर त्याच्या डिस्क हार्टबीटची (नोड जिवंत आहे हे डिस्कवरून सांगण्याची) मुदतही मांडून पाहा. स्टोरेजचा धीर क्लस्टरच्या धीरापेक्षा जास्त असेल तर पाथ सावरण्याआधीच क्लस्टर नोडला बाहेर काढेल.

एक पाथ दिवसातून दहा वेळा जातो आणि येतो. मुदती वाढवू का?

नका वाढवू. असा पाथ मेलेल्या पाथपेक्षा घातक असतो, कारण प्रत्येक फेरीत तो थोडा वेळ खातो आणि तपासणीत पुन्हा पास होतो. मल्टिपाथमध्ये ‘मार्जिनल पाथ’ची सेटिंग आहेत. ठरावीक काळात ठरावीक प्रमाणात चुका दिसल्या तर तो पाथ बाजूला ठेवायचा आणि चांगला पाथ शिल्लक असेपर्यंत वापरायचा नाही. सोबत ‘फेलबॅक’ (मूळ पाथवर परतणं) तात्काळ न ठेवता काही सेकंदांनी होईल असं ठेवा.

पण खरं काम हातांचं आहे. स्विचच्या त्या पोर्टवर सीआरसीच्या चुका (बिघडून आलेली पाकिटं) वाढताहेत का पाहा. कारखान्यात बगॅसची (उसाच्या चोथ्याची) बारीक धूळ कुठेही शिरते. फायबरच्या टोकाला ती बसली की दिवा हिरवाच राहतो आणि चुका वाढत जातात. टोक त्यासाठीच्या क्लीनरने पुसा, रुमालाने नव्हे. न वापरलेल्या पोर्टांची टोपणं फेकून देऊ नका.

फायबर चॅनलमध्ये वेगळं काय?

लिंक गेल्याचं ड्रायव्हरला लगेच कळतं, आणि दूरचा पोर्ट गेला तर स्विच तशी बातमी पाठवतो. मग ‘फास्ट आयओ फेल टीएमओ’ची वाट, मल्टिपाथचा मूळ आकडा ५. ‘डेव्ह लॉस टीएमओ’ वेगळा: तो संपला की ते उपकरण यादीतूनच काढलं जातं. हा दुसरा आकडा कमी केल्याने फेलओव्हर लवकर होत नाही, उलट पाथ परत येताना डिस्क नव्याने शोधण्याचा व्याप वाढतो. तो मोठाच ठेवा. वर सांगितलेली गप्प डिस्कची अडचण इथेही तशीच आहे.

एनव्हीएमई ओव्हर टीसीपीमध्ये ‘कंट्रोलर लॉस टाइमआउट’ ६०० सेकंद आहे. म्हणजे दहा मिनिटं अडकणार?

नाही. दुसरा पाथ असेल तर कनेक्शन तुटल्याचं कळताच लिनक्सचा स्वतःचा एनव्हीएमई मल्टिपाथ मागण्या तिकडे वळवतो. ६०० सेकंद म्हणजे तुटलेला कंट्रोलर पुन्हा जोडण्याचे प्रयत्न किती काळ करायचे ते. मूळ सेटिंगमध्ये दर १० सेकंदांनी एक प्रयत्न. कळायला लागणारा वेळ ठरतो ‘कीप अलाइव्ह’वर, मूळचा ५ सेकंद. त्यामुळे गप्प बिघाडसुद्धा पाच-दहा सेकंदांत उघड होतो. एकच पाथ उरला आणि तोही गेला, तेव्हा चूक कधी कळवायची यासाठी इथेही ‘फास्ट आयओ फेल’ आहे, कर्नल ५.११ पासून.

विंडोज आणि व्हीएमवेअर?

विंडोजवर एमपीआयओ, म्हणजे विंडोजचा मल्टिपाथ, असेल तर आयस्कझी इनिशिएटरची ‘लिंक डाउन टाइम’ पाहा, मूळ १५ सेकंद. एमपीआयओ नसेल तर ‘मॅक्स रिक्वेस्ट होल्ड टाइम’ लागू होते, मूळ ६०. पाथची नियमित तपासणी मूळ सेटिंगमध्ये बंद असते, ती चालू करा. व्हीएमवेअर ईएसएक्सआयवर सगळे पाथ गेल्यावर १४० सेकंद धीर धरला जातो, तेव्हा आतल्या व्हीएमच्या डिस्कची मुदत त्याच्याशी ताडून पाहा. होस्ट सावरला आणि आतला लिनक्स ३० सेकंदांतच घाबरला, असं होऊ नये.

चाचणी कशी घ्यायची?

अ‍ॅप्लिकेशनच्या जागी उभं राहून. मल्टिपाथ डिस्कवर एक छोटी स्क्रिप्ट लावा, जी दर पाव सेकंदाला घड्याळातली वेळ एका फाइलमध्ये लिहील. लिहिताना डीडी या कमांडला डायरेक्ट आणि डीसिंक हे दोन्ही पर्याय द्या. नाहीतर डेटा मेमरीतच साठतो, स्क्रिप्ट खुशाल धावत राहते आणि फेलओव्हर शून्य सेकंदांत झाला असं वाटतं. नंतर फाइल उघडायची आणि लागोपाठच्या दोन वेळांमधलं सर्वांत मोठं अंतर शोधायचं. फेलओव्हरचा वेळ म्हणजे तो आकडा, लॉगमधला नव्हे.

बिघाड चार तऱ्हेने घडवा. सर्व्हरची केबल काढून, स्विचची वीज तोडून, कंट्रोलरची वीज तोडून, आणि आयपीटेबल्स या फायरवॉलने स्टोरेजच्या एका पोर्टलकडची (पत्त्याकडची) ३२६० पोर्टवरची पाकिटं गुपचूप टाकून देऊन. शेवटची चाचणी घरबसल्या, दूरवरूनही करता येते आणि गप्प बिघाडाच्या सर्वांत जवळची आहे. प्रत्येक तऱ्हा निदान पाच वेळा, आणि सरासरी न काढता सर्वांत वाईट आकडा घ्या. काउंटरवर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सरासरीने काही मिळत नाही. पाथ परत येतानाही मोजा, कारण काही पेट्या जाताना शांत असतात आणि परत येताना हिसका देतात.

आधी बॅकअप घ्या, आणि तो परत उतरवून पाहिलेला असू द्या.

केबल काढायला साहेब परवानगीच देत नाहीत.

"मल्टिपाथची चाचणी करायची आहे" असं सांगितलंत तर देणारही नाहीत. "ऐन हंगामात काटा किती सेकंद थांबला तर चालेल?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा. तो आकडा मिळाला की चाचणी कशासाठी ते त्यांनाच कळतं. कारखान्यात हंगाम संपल्यावर आणि मशिनरीच्या दुरुस्तीची कामं सुरू झाल्यावर वेळ मिळतो. पतसंस्थेत ३१ मार्चच्या आसपास विषयही काढू नका, रविवार मागा. रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टरना आणि एक्स-रे विभागाला आधी सांगून ठेवा आणि चाचणी संपल्यावर पुन्हा सांगा.

त्या कारखान्यात आम्ही हंगामानंतर अण्णांना काट्यावर बसवलं, रिकामी ट्रॉली उभी केली आणि स्विचची पिन काढली. पहिल्या वेळी पावती चौदा सेकंदांनी निघाली, पाचही वेळा मिळून सर्वांत वाईट सतरा. हे आकडे, तारीख, कोणती पिन काढली ते आणि त्या दिवशी चालू असलेल्या सगळ्या मुदती एका कार्डावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. स्विच, फर्मवेअर किंवा कर्नल बदलला की ते कार्ड काढायचं आणि पिन पुन्हा काढून नवं लिहायचं, असं तिथल्या दोन्ही पाळ्यांच्या मुलांशी ठरलं आहे.